कोठीतलं स्टेशन

जनवाडा, ता. जि. बीदर
सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

चि. नेत्रा,

शरणु शरणार्थी. मी बरा आहे. तू, तुझा महेशकुमार, सूनबाई दीपमाला आणि नातवंडं सुखात असाल.

मायन्यात यंदा नुसतं 'चि.' लिहिलंय. 'सौ.' लिहायची सवय हाताला इतकी, की 'स' निम्मा उमटलासुद्धा होता. तो कागद टाकून दुसरा घेतला. किशनराव गेले म्हणून लोक नावाआधी जी अक्षरं लिहितात ती मी लिहिणार नाही. जन्मलीस तेव्हा नुसती नेत्रावती होतीस, मला तेवढं पुरे.

काल भाऊबीज. तुझे फोन आलेले संध्याकाळी दिसले, एकावर एक पाच. इकडं नेटवर्कचं काही खरं नाही. तू म्हणशील, टॉवर तर घरासमोरच आहे. आहे. पण टॉवर जवळ असला म्हणजे सिग्नल चांगला येतो असं नसतं, हे मी तुला अँटेनाच्या काळापासून सांगत आलोय. म्हणून हे पत्र. पोस्टात आंतरदेशीय पत्र मागितलं तर पोस्टमन माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग साधा कागद आणि पाकीट घेतलं.

गेल्या आठवड्यात अप्पांचा रेडिओ माळ्यावरून काढला. अव्वानं शिवलेलं झाकण उंदरांनी खाल्लंय, पण आतला सेट जसाच्या तसा. व्हॉल्व्हचा रेडिओ लावल्याबरोबर बोलत नाही. आधी पट्टीमागचा दिवा लागतो, मग तो हिरवा डोळा सावकाश उघडतो, मग घसा खाकरल्यासारखं काही तरी, आणि मग माणूस. गल्लीतली पोरं बघायला जमली होती. एक म्हणालं, "काका, लई टाइम घ्यायलाय की वो." घेणारच. बोलण्याआधी जरा वेळ घ्यावा हे त्या सेटला कळत होतं.

आठवतं ना, त्या एका काट्यावर आपलं घर वाटून घेतलेलं होतं? पहाटेची शरणांची वचनं अव्वाची, गुलबर्ग्याहून, कन्नडात. संध्याकाळचे उर्दू बाजारभाव आणि त्यामागून येणारी कव्वाली अप्पांची, हैदराबादहून. मराठी माझ्या वाटणीला आली, कारण ती कुणी मागितलीच नव्हती. आपण घरात बोलायचो ती मराठी "कामून रडायलीस" आणि "कुठं जायलास" अशी. शाळा कन्नड. 'आहे', 'नाही', 'परंतु', 'दरम्यान' हे सगळं मी परभणी आणि सोलापूरच्या निवेदकांच्या तोंडून उचललं. पहिल्यांदा जेवताना मी "परंतु" म्हणालो, तेव्हा अप्पांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "हावग्या, घरात कोण आलंय रे?"

आणि आपल्या परदेशी बातम्या! निवेदक म्हणायचे 'प्रादेशिक बातम्या' आणि आपण दोघं ऐकायचो 'परदेशी बातम्या'. त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही. बातम्या मुंबईच्या, नागपूरच्या, कोयनेच्या. आपण कर्नाटकात. म्हणजे परदेशीच की! खरा शब्द मला उदगीरच्या बसस्टँडवर कळला, एका मास्तरांपुढं, चारचौघांत. त्या दिवसापासून मी शब्द आधी कागदावर लिहून बघतो आणि मग तोंडात घेतो. तू मात्र अजून परदेशीच म्हणतेस, मुद्दाम.

विसरली असशील म्हणून लिहीत नाही, लिहावंसं वाटतंय म्हणून लिहितोय. ज्वारी संपत आली की मधल्या खोलीतली पत्र्याची कोठी रिकामी व्हायची. तू वरच्या झाकणातून आत उतरायचीस. खालच्या तोंडातून, जिथून धान्य काढायचं तिथून, तुझा आवाज यायचा, घुमून, हुबेहूब स्टेशनासारखा. मी बाहेर मांडी घालून बसायचो. श्रोता मीच, इंजिनिअर मीच, नियमही माझेच. ऐकू आलं तर पत्र्यावर एक टक. नाही आलं तर दोन, मग निवेदिकेनं तेच परत सांगायचं.

"आजच्या परदेशी बातम्या देत आहे नेत्रावती. ईरम्माच्या म्हशीनं धनराजच्या कडब्यात तोंड घातलं. भांडण चालू आहे. अव्वानं गूळ कुठं लपवला ते आमच्या बातमीदाराला कळलं आहे."

एक टक. मी कधी दोन टक दिल्याचं तुला आठवतं? इंजिनिअरलाच ऐकू येत नाही म्हणजे काय!

ती फर्माइशही आठवली. किती कार्डं पाठवली तेव्हा एकदाचं नाव लागलं, आणि निवेदिकाबाई म्हणाल्या, "बीदर जिल्ह्यातील जनवाडा येथून हवागप्पा आणि नेत्रवती." तू नाचायला लागलीस, आणि मी दुसऱ्या दिवशी त्यांना दुरुस्तीचं कार्ड टाकलं. हावगेप्पा. 'ह'ला काना, 'ग'वर मात्रा. तू महिनाभर मला हवागप्पा म्हणत होतीस.

दुरुस्तीचं दुकान आता दुपारी बंदच ठेवतो. काम नाही असं नाही, पण लोक आणतात ती चिनी डबडी, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. शेजारची ईरम्मा म्हातारपणी जरा तऱ्हेवाईक झालीय. परवा दारात येऊन मला म्हणते, "ऊठ." मी उठलो. बसायचं असेल म्हणून खुर्ची पुढं केली. तर ती नुसती माझ्याकडं बघत उभी. मग हातातली भाकरी-भाजी खुर्चीवर ठेवून निघून गेली.

महेशकुमारच्या मेसेजमध्ये होतं की तू हॉलमध्ये झोपतेस आणि घरचे टीव्ही बंद करेपर्यंत तुला झोप नसते. त्यानं पुढं हसण्याचं चित्र टाकलं होतं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

फोन करत बसू नकोस. लिही.

तुझा अण्णा,
हावगेप्पा ('ग'वर मात्रा)


जनवाडा
शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०२४

चि. नेत्रा,

शरणु शरणार्थी. पार्सल पोचलं. फुटतूट काही नाही.

वरची चिठ्ठी वाचली: "अण्णा, ऐक आणि कळव." झालं, संपली चिठ्ठी. पानभर पत्राला चार शब्द! लिहायचा तुझा आळस जुनाच, शाळेतसुद्धा माझ्याकडून निबंध लिहून घ्यायचीस. तरी कळवायला सांगितलंयस म्हणून तपशिलात कळवतो.

गाण्यांचा डबा जुन्या रेडिओसारखा केलाय, पण लाकूड दिसतं ते प्लास्टिक आहे. पुढची दोन बटणं शोभेची आहेत, फिरवून बघितली, फिरत नाहीत. जिथं स्टेशनांच्या नावांची पट्टी हवी तिथं सोनेरी रेघ ओढलीय. म्हणजे दाराचं चित्र भिंतीवर काढावं तसं. खोक्यावर लिहिलंय, पाच हजार जुनी गाणी. गाण्याची कांडी, पोरं पेन ड्राइव्ह म्हणतात ती, मागच्या बाजूला खोचलेली, तीही बघितली. वायरिंग बरं आहे.

रोज सकाळी लावतो. आवाज स्वच्छ. खर्ज थोडा कमी आहे, पण एवढ्याशा स्पीकरकडून अधिक अपेक्षा नाही. गाण्यांची निवड चांगली आहे. महेशकुमारला शाबासकी सांग.

एक उणीव मात्र राहतेच. गाणी मिळतात, गाण्याच्या मधला माणूस मिळत नाही. त्या काळी गाण्याआधी कुणी तरी सांगायचं की हे आता का ऐकायचं. कुठल्या गावानं मागितलंय, कुणाकुणाची नावं आहेत. गाण्यापेक्षा ती नावंच आपण जास्त कान देऊन ऐकायचो. आपल्यासारखंच कुणी तरी आत्ता, याच क्षणी, कुठल्याशा वाडीत कान लावून बसलंय, हे त्या नावांवरून कळायचं. आता पाच हजार गाणी आहेत आणि ती मागितलेली कुणीच नाहीत.

मंगळवारी सिद्धलिंगप्पा आला होता, आपला बसथांब्याजवळचा हॉटेलवाला. चहाची किटली घेऊन दारात थांबला. डबा चालू होता. ऐकून काही तरी बोलला, डब्याकडं बोट केलं. मी म्हणालो, "जुन्या काळची गायिका हाय. आवाज वळख बघू." तो डोकं खाजवून परत काही बोलला. मी म्हणालो, "तुला न्हाई कळायचं, तुझं सगळं आयुष्य भज्याच्या कढईम्होरं गेलं." तो हसत हसत गेला. रेडिओचा कान सगळ्यांना नसतो.

टीव्हीचंही आठवत बसलो. गावातला तिसरा टीव्ही आपला, आणि रंग चढवलेली निळी काच पुढं लावलेला पहिला. बीदरला टॉवर होईपर्यंत अँटेना हैदराबादकडं करावा लागायचा. मी माळवदावर बांबू धरून, तू खाली सेटसमोर.

"आलं का गं?"

"न्हाई!"

"आता?"

"मुंग्या हायत नुसत्या! जरा वढ्याकडं फिरव... आलं! आलं! आरं थांब, गेलं की!"

खाली खोलीभर माणसं, सगळी एकदम ओरडायची. अप्पा ओरडायचे, धनराज ओरडायचा, कुणाच्या तरी मांडीवरचं पोर रडायचं. त्या गोंगाटातून छताची माती, लाकडी सर, तुळया सगळं फोडून वर माळवदावर पोचायचा तो एकट्या तुझा आवाज. बारीक, टोकदार, सुईसारखा. तू "आलं" म्हणालीस की मी तिथं बांबू बांधायचो. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून एकदाही बांधला नाही.

आता घराघरावर छत्र्या आहेत, तीनशे चॅनेल, आणि वर कुणाला चढावं लागत नाही. रविवारी सकाळी मी रस्त्यावर खुर्ची टाकून बसतो. पूर्वी त्या वेळी बसचे ड्रायव्हरसुद्धा गाडी थांबवून कुणाच्या तरी दारात मालिका बघत उभे राहायचे. आता बस वेळेवर जाते.

महेशकुमारकडून तू पुसलंयस की मधल्या खोलीत सध्या काय आहे. माझे मेलेले सेट आहेत. भिंतीला लावून रचलेत, पाय ठेवायला जागा नाही. कोठीतसुद्धा ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर भरलेत. तुला कामून पायजे ही चौकशी? घरावर बोलायचं असेल तर समोर ये आणि बोल.

थंडी पडलीय. तूर भरात आहे. तू तब्येत जप.

तुझा अण्णा,
हावगेप्पा


जनवाडा
शुक्रवार, २० डिसेंबर २०२४

नेत्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. तेव्हापासून ते माझ्या खिशात आहे. त्यातलं तुझंच लिहिलेलं तुला परत लिहून दाखवतो, म्हणजे मी नीट वाचलं हे तुला कळेल.

"अण्णा, डब्यात गाणं एकबी न्हवतं. गाण्याची कांडी काढून मी माझी घातली व्हती. नातवाकडून माझा आवाज भरून घेतला आन् तुला एक गोष्ट इचारली. तू लिव्हतोस, गाण्यांची निवड चांगली आहे. कळलं. न्हाई म्हणायची तुझी रीत लई भारी हाय. खोलीत पाय ठेवायला जागा न्हाई, हेबी कळलं. आता परत इचारणार न्हाई. तू फोन उचलत न्हाईस ते कामून, तेबी आता कळलं."

नेत्रा, टक टक.

दोनदा. मी पत्र लिहायला बसण्याआधी कोठीवर खरोखरच दोन टक दिल्या. माझ्या बोटाला त्या कळल्या. कानाला कळल्या नाहीत.

तुला वाटलं तसं काहीच नाही. मला ऐकू येत नाही. एवढं लिहायला मला दोन पत्रं लागली आणि त्यात तुला मी काय काय बोलून बसलो!

कसं सुरू झालं ते सांगतो, जसं झालं तसं. बातम्यांच्या आधी वेळेचे टिक टिक ठोके येतात ना, ते एके दिवशी आले नाहीत. निवेदकाचा आवाज आला, ठोके गेले. मला वाटलं, स्टेशननं बंद केले. दुसरं स्टेशन लावलं, तिथंही नाहीत. मग वाटलं, स्पीकर गेला. स्पीकर बदलला. कंडेन्सर बदलले. दुसरा सेट उघडला, मग तिसरा. सगळे सेट टेबलावर उघडे पडलेले आणि एकातही दोष सापडेना. त्या वेळी ईरम्माच्या चुलीजवळ कुकर वाफ सोडताना दिसला. शिट्टी वर उडत होती, वाफ येत होती, आणि आवाज नव्हता. तेव्हा हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. दोष सेटात नव्हता.

आधी बारीक आवाज जातात, असं बीदरच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं. चिमणी, शिट्टी, बांगड्या. ट्रॅक्टर ऐकू येतो, ढोल ऐकू येतो, पुरुष मंडळी जवळून बोलली की निम्मं कळतं. बायकांचं बोलणं नुसतं ओठांवर दिसतं. मी त्यांना विचारलं नाही, पण माळवदावरचा बांबू माझ्या डोळ्यांपुढं आला. सगळ्या गोंगाटातून वर यायचा तो आवाज सगळ्यात आधी गेला.

त्यांनी कानातलं मशीन घ्यायला सांगितलं. म्हणाले, पूर्ण नाही, पण पुष्कळ फरक पडेल. मी हो म्हणालो आणि तसाच उठून आलो. दुकानावर पाटी माझ्याच हातची आहे: 'आवाजाची खात्रीशीर दुरुस्ती'. त्या पाटीखाली मी कानात मशीन घालून बसायचं? गिऱ्हाईक सेट आणून सांगतं, काका, खरखर येते. मला खरखर येत नाही. मी म्हणतो, ठेवून जा, आणि नुसता त्या सेटकडं बघत बसतो. म्हणून दुपारी दुकान बंद. चिनी डबड्यांचं मी जे लिहिलं ते खोटं.

आणि ईरम्माला मी तुझ्यापुढं तऱ्हेवाईक ठरवलं. ती मला "ऊठ" म्हणाली नव्हती. "ऊट आयता?" म्हणून जेवलास का ते विचारत होती, कन्नडात, आपली अव्वा रोज विचारायची अगदी त्याच शब्दांत. तेवढाच पहिला तुकडा माझ्यापर्यंत आला, आणि मी शाळेतल्या पोरासारखा ताडकन उठून उभा राहिलो. रेडिओवरून मराठी शिकलेल्या माणसाला ट आणि ठ मधला फरक कळेना!

तुझं पत्र आल्यावर मी सिद्धलिंगप्पाकडं गेलो. त्याच्या हॉटेलातली पदार्थांचे भाव लिहायची काळी पाटी काढून त्याच्या हातात दिली, खडू दिला, आणि म्हणालो, "त्या दिवशी डबा ऐकून काय म्हणालास, ते लिही." त्यानं माझ्याकडं बघितलं. मग भज्याचा भाव पुसून लिहिलं, "बाई बोलायलीय, नेत्राक्कासारखा आवाज हाय." खाली अजून लिहिलं, "दोनदा सांगितलो की अण्णा."

नंतर त्यानं पाटी परत ओढून घेतली आणि लिहिलं, "डबा आणा. ऐकून लिहून देतो."

चांगला माणूस आहे. पण मी नको म्हणालो. घरच्या बातम्या आपण कधी हॉटेलात लावल्या नाहीत. शिवाय तू जे मला विचारलंस ते माझ्या आधी भज्याच्या तेलाला कळावं, हे मला चालणार नाही. तो चिडला. पाटीवर लिहिलं, "मग ऱ्हावा तसंच." ते पुसलं, आणि चहा दिला.

घरी येऊन मी डबा उघडला. दोन स्क्रू बाजूला, एक तळाला. स्पीकर सोडवून घेतला, वायर लांब केली. आवाज पूर्ण सोडला आणि स्पीकरचा मागचा लोखंडी भाग कानामागच्या हाडाला दाबून धरला. काही कळेना. मग दातात धरला. दातात धरल्यावर तू आलीस.

शब्द आले नाहीत, नेत्रा. तुला खोटं सांगणार नाही. पण चाल आली. पहिली चाल मी लगेच ओळखली, कारण ती मीच तुला शिकवली होती, कुठं थांबायचं आणि कुठं आवाज उचलायचा ते: 'आजच्या परदेशी बातम्या देत आहे नेत्रावती.' बरोबर ना? पुढं बारक्या बारक्या बातम्या होत्या, एकीनंतर एक, जलद. मध्ये एकदा हललं ते हसू होतं. मग सावकाश झालं. आणि एका ठिकाणी तू थांबलीस. इतका वेळ, की मला वाटलं वायर सुटली. वायर सुटली नव्हती. मग थोडंसंच काही बोललीस आणि संपलं.

तिथंच विचारलंस, हो ना?

तेवढा भाग मी परत परत लावला. दातांना आता कळा लागल्यात. शब्द काही येत नाहीत. काय विचारलंस ते मला ठाऊक नाही. अंदाज आहे, पण अंदाजानं मी कधी सेटसुद्धा दुरुस्त केला नाही.

म्हणून उत्तर आधी लिहितो, प्रश्न तू मागाहून लिही. उत्तर व्हय आहे. 'होय' लिहून खोडलं. ते रेडिओवरचं आहे. व्हय.

मधली खोली तुझ्यासाठी रिकामी केली. मेलेले सेट धनराजच्या पोराच्या टेम्पोत घालून दुकानात नेऊन टाकले. जाताना एकेकाला हात लावला, इतकंच. ओढ्याकडची खिडकी बऱ्याच वर्षांनी उघडली, कडी गंजली होती, तेल घातलं. चुना मारायला ईरम्मानं माणूस आणून दिला. त्या खोलीत टीव्ही नाही आणि ठेवणारही नाही. दिवा तू म्हणशील तेव्हा बंद होईल. तू भलतंच काही विचारलं असशील, समज दुसरंच काही, तरी हरकत नाही. खोली झाडून झाली, एवढंच म्हणेन.

कोठीतले ट्रान्सफॉर्मर काढले. आता तुझ्याच्यानं आत उतरणं होणार नाही, माझ्याच्यानं तुला बाहेर काढणं होणार नाही. तरी ती रिकामीच ठेवलीय.

कानातलं मशीन घेईन म्हणतो. पण ते लावताना डॉक्टर विचारतात, आता ऐकू येतं का? आता? त्या वेळी समोर बोलणारा माणूस ओळखीचा असला की बरं पडतं. तिथंही खालून कुणी तरी "आलं, आलं" म्हणायला पाहिजे.

वेळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा आपला सण, तीस तारखेला, सोमवारी आहे. पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे ईरम्मा करणार आहे, आंबिलीचं मडकं मी आणलंय. महेशकुमारला लिहितोय की तुला बीदरच्या गाडीत बसवून दे. गाडीचा नंबर त्यानं मला लिहून पाठवावा. मी स्टँडवर उभा असेन. मागून हाक मारू नकोस, समोर येऊन उभी राहा.

आणि त्याआधी फोन करावासा वाटला तर कर. आता उचलीन. थरथर कळावी म्हणून खिशात छातीजवळ ठेवलाय. तू काय बोलतेस ते मला कळणार नाही, फोन दातांना लावून नुसती चाल कळेल, तरी तू बोल, थांबायचं तिथं थांब. तू बोलून थांबलीस की मी फोनवर बोटानं एक टक देईन. ती तुला ऐकू येईल.

अजून कोठीबाहेर मांडी घालून बसलेला,
तुझा हवागप्पा